तळ्याकाठची माणसं कुठं गेली?

एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात भिंतीला कॅलेंडर लटकलेलं. मी कागदावर सही घ्यायला उभा. साहेब फोनवर. मग काय करणार, कॅलेंडर बघत राहिलो. डोंगरातलं एक तळं. पाणी असं की तळाचे दगड मोजावेत. मागं उभे कडे, कड्यांवरून धबधबे, वर ढग फाटून उजेड खाली उतरलेला.

खरं सांगतो, मला ते आवडलं. पाळी संपलेली, पाठीवर घामाचं मीठ वाळलेलं, नाकात धूळ. आणि समोर असलं थंडगार पाणी. वाटलं, उतरावं आत कपड्यानिशी. मी कविता लिहितो. कवितेला लागतो तो उजेड त्या कागदावर फुकट सांडलेला होता. सही मिळाली तरी मी हललो नाही, शेवटी शिपायानं हटकलं.

खाली बारीक अक्षरात नाव होतं. रात्री मित्राच्या मोबाईलवर ते शोधून काढलं. चित्र आल्बर्ट बीअरस्टाट नावाच्या अमेरिकन चित्रकाराचं. ‘अमंग द सिएरा नेवाडा, कॅलिफोर्निया’. साल १८६८. आज ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे. दोन बोटांनी ताणून ताणून ते मोठं केलं आणि गोदीत मालाची करतात तशी टॅली केली. हरणं आहेत, काठावर उभी. पाखरं आहेत. झाडं, खडक, धबधबे, ढग, सगळं भरपूर. माणूस शून्य. एक झोपडी नाही. एक चूल नाही. धुराची एक रेघसुद्धा नाही.

माल कमी भरला की आम्ही विचारतो, बाकीचा कुठं गेला? हा लेख तेवढ्याच प्रश्नाचा आहे.

हे मी एका शिकलेल्या मित्राला बोललो. तो हसला. म्हणाला, “अरे, हा रोमँटिक संप्रदाय आहे. निसर्गाचं भव्य, उदात्त रूप. चित्राकडे चित्र म्हणून बघ. जिथं तिथं राजकारण कशाला घुसडतोस?”

ठीक आहे. चित्र म्हणूनच बघू. पण चित्र म्हणजे काय? कापड, रंग, काढणारा हात, पैसे मोजणारा खिसा आणि ज्या जागेचं काढलं ती जागा. यातलं काहीएक हवेतून पडलेलं नाही. आमच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं असतं, माल कुठला, कुणाचा, कुणाकडं चाललाय, वजन किती. कलेच्या खोक्यावर एवढंच लिहायचं नाही, असा तुमचा दंडक दिसतो. तुम्ही लिहू नका. मी वाचतो.

बीअरस्टाट जर्मनीत झोलिंगेनला १८३० मध्ये जन्मला. लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेला गेला. तरुणपणी चित्रकला शिकायला परत जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला. १८५९ मध्ये सरकारी रस्त्याची पाहणी करणाऱ्या तुकडीबरोबर तो पहिल्यांदा अमेरिकेच्या पश्चिमेला गेला. हे लक्षात ठेवा. पुढं रस्ता आखणारे, मागं चित्र काढणारा.

१८६३ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. गुलामगिरी राहणार की जाणार याचा निकाल बंदुकीने लागत होता. बीअरस्टाटचं नाव लष्करभरतीत निघालं. त्याने पैसे भरून आपल्या जागी दुसरा माणूस पाठवला. बदली म्हणजे काय हे आम्हाला चांगलं कळतं. बदली कामगाराला मरण आलं तरी ते बदलीतच येतं. तर त्या वर्षी एक अनाम बदली लढाईला गेला, आणि चित्रकार कॅलिफोर्नियाला, योसेमिटीच्या दरीत, निसर्ग बघायला.

हे आपलं तळं मात्र त्याने तिथं काढलेलं नाही. १८६७-६८ च्या हिवाळ्यात रोममध्ये स्टुडिओ घेतला आणि तिथं बसून काढलं. सहा फूट उंच, दहा फूट रुंद. माझ्या खोलीची अख्खी भिंत. नकाशात शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. जुनी स्केचं आणि आठवण यांची सांधाजोड करून ते तळं बनवलंय. इथला कडा, तिथला धबधबा, आणि उजेड स्वतःच्या खिशातला. त्याच्या योसेमिटीच्या एका चित्रावर मार्क ट्वेनने १८६७ मध्येच टिंगल केली होती, की यातलं हवामान कॅलिफोर्नियाचं नव्हेच, बाहेरून मागवलेलं दिसतंय.

म्हणजे माझा मुद्दा सोपा झाला. हे काही फोटो नव्हे, की बाबा त्या दिवशी काठावर कुणी नव्हतं. तळंच बनवलेलं आहे. हरणं त्याने ठेवली. पाखरं त्याने ठेवली. माणूस ठेवला नाही. हा विसर नव्हे, हा निर्णय आहे.

आता ज्या डोंगरांचं नाव चित्राला दिलं, त्या डोंगरांत काय झालं ते बघू.

कॅलिफोर्नियात सोनं सापडलं १८४८ मध्ये. गोऱ्यांची झुंबड उडाली. १८५० मध्ये तिथल्या विधिमंडळाने एक कायदा केला. नाव काय, तर इंडियन लोकांच्या शासनाचा आणि संरक्षणाचा कायदा. इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी, गोऱ्यांनी चुकून ठेवलेलं ते नाव. आणि संरक्षण कसलं? रिकामा फिरणारा इंडियन धरून त्याची मजुरी लिलावात विकायची मुभा. त्यांची पोरं गोऱ्यांच्या घरात राबायला ठेवायची मुभा. इंडियनाच्या साक्षीवर गोऱ्याला दोषी धरायचं नाही. कायद्याला असलं गोंडस नाव दिलं की समजून जावं, आत सुरी आहे.

जानेवारी १८५१ मध्ये तिथला गव्हर्नर पीटर बर्नेट विधिमंडळापुढं उघड बोलला, की ही जमात नामशेष होईपर्यंत संहाराचं युद्ध चालूच राहणार. चोरून नाही, सरकारी निवेदनात. त्याच दोन वर्षांत, १८५१-५२ मध्ये, तिथल्या जमातींशी अठरा करार केले. जमीन देऊ म्हणाले. अमेरिकेच्या सिनेटने एकही मंजूर केला नाही, आणि कागद गुप्त ठेवले ते १९०५ पर्यंत. इतिहासकारांच्या अंदाजाने १८४६ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात दीड लाखाच्या आसपास मूळ रहिवासी होते. १८७० नंतर थोड्याच वर्षांत उरले तीस हजारांच्या आसपास. रोग, उपासमार, गुलामी आणि सरळ गोळ्या. गोळ्यांचा खर्च सरकारी तिजोरीतून.

योसेमिटीच्या दरीला तिथले लोक आवानी म्हणत, आणि ते स्वतः आवानीची. त्यांचा पुढारी तेनाया. मार्च १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाची पलटण दरीत घुसली. झोपड्या जाळल्या. ओकच्या फळांचे साठे जाळले. धान्याची कणगी जाळली की माणसाला गोळी घालावी लागत नाही, हिवाळा ते काम करतो. मे महिन्यात तेनायाचे तीन मुलगे पकडले. धाकटा पळायला लागला, त्याला गोळी घातली. बापाला आणलं तेव्हा पोरगं समोर पडलेलं होतं. आज योसेमिटीत ‘थ्री ब्रदर्स’ म्हणून तीन सुळक्यांचा कडा आहे. टुरिस्ट त्याच्यापुढं उभे राहून फोटो काढतात. ते तीन भाऊ हेच.

उरलेली माणसं वर डोंगरात पळाली. पलटणीने त्यांना एका तळ्याकाठी गाठलं. डोंगरातलं तळं. चकचकीत खडक, निवांत पाणी. तिथं त्यांना धरलं. पलटणीबरोबर लाफायेत बनेल नावाचा माणूस होता. पुढं १८८० मध्ये त्याने या सगळ्याचं पुस्तक लिहिलं, म्हणून हे आपल्याला कळतं. त्याच्या मनात आलं, या तळ्याला म्हाताऱ्याचं नाव देऊ. म्हणून ते ‘तेनाया लेक’. म्हाताऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, की या तळ्याला नाव आधीच आहे, आम्ही याला पायवीआक म्हणतो. चकाकत्या खडकांचं तळं.

बघा, कसला गौरव आहे! पोरगं मारलं, कणगी जाळली, दरी घेतली, आणि पाटीवर नाव लावलं ते त्याचंच. ज्याचं घेतलं त्याच्या नावाने घेतलेली वस्तू सजवायची. १८५३ मध्ये तेनाया मेला. बारा-पंधरा वर्षांनी रोमला बसून एक चित्रकार सिएरा नेवाडातलं निर्मनुष्य तळं काढतो, आणि जाणकार म्हणतात, अहाहा, अस्पर्श निसर्ग!

अस्पर्श? या शब्दावर थोडं थांबतो. अस्पर्श आणि अस्पृश्य यांचं कूळ एकच आहे. एक शब्द हरणांच्या तळ्याला लागतो, दुसरा माणसाला.

आणि अस्पर्श तरी कुठला? त्या दरीतली मोकळी कुरणं, बागेसारखे अंतरा-अंतराने उभे ओक, हे देवाने लावलं नव्हतं. आवानीची लोक ठरावीक काळाने गवताला आग लावीत. त्याने झुडपं जळत, कुरण मोकळं राही, हरणाला कोवळा चारा मिळे, ओकला ऊन मिळे, टोपल्या विणायला सरळ काड्या फुटत. ओकची फळं कडू असतात. बाया ती दगडावर कुटत, पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन कडूपणा काढत आणि शिजवून खात. दगडातले ते उखळाचे खळगे आजही तिथं आहेत. गोऱ्यांनी आगी बंद केल्या तशी कुरणं झाडोऱ्याने भरून आली आणि ओक गुदमरले. म्हणजे ज्याला चित्रकाराने ईश्वराची बाग समजून रंगवलं ती माणसांच्या हातची मशागत होती. शेत रंगवलं आणि शेतकरी पुसला.

आता कुणी म्हणेल, बिचाऱ्या चित्रकाराला काय ठाऊक? ठाऊक होतं. १८५९ च्या प्रवासात त्याने स्वतः एका कलाविषयक नियतकालिकाला पत्र लिहिलं, की या लोकांची चित्रं काढायची वेळ हीच, कारण ते झपाट्याने नाहीसे होत आहेत. माणसं नाहीशी होत आहेत हे कळल्यावर याला घाई कसली सुटली, तर चित्रं काढायची! ‘रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक’ या १८६३ च्या चित्रात त्याने पाण्याकाठी शोशोनी लोकांची वस्ती काढलीसुद्धा. ज्या सरकारी तुकडीबरोबर तो गेला होता तिचा प्रमुख लँडर, त्याचंच नाव डोंगराला दिलं. ते चित्र १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जत्रेत मांडलं, आणि त्याच जत्रेत जिवंत इंडियन माणसं आणून प्रेक्षकांपुढं नाचवली. पुढल्या वर्षी ते २५,००० डॉलरला विकलं गेलं. घेणारा रेल्वेत पैसा गुंतवणारा.

पाच वर्षांनी सिएराचं तळं रंगवताना वस्तीपण गेली. आधी माणूस देखाव्यात होता, मग देखावाच राहिला.

पण माझी टॅली अजून संपलेली नाही. आणखी एक टोळी गायब आहे.

ज्या हिवाळ्यात रोममध्ये हे चित्र रंगत होतं, त्याच काळात त्याच सिएरा नेवाडातून सेंट्रल पॅसिफिक रेल्वे आरपार चालली होती. हजारो चिनी मजूर डोंगर फोडत होते. शिखराजवळचा सुमारे १,६६० फुटांचा बोगदा १८६७ मध्ये फुटला. ग्रॅनाइट असा की दिवसाकाठी फूटभर सरकलं तरी खूप. हाताने भोकं पाडायची, दारू ठासायची, पळायचं. १८६६-६७ च्या हिवाळ्यात बर्फाचे कडे कोसळून अख्खे तळ गाडले गेले. प्रेतं वसंतात बर्फ वितळल्यावर मिळाली. जून १८६७ मध्ये हे चिनी मजूर संपावर गेले. हजारोंनी. मागणी काय? गोऱ्या मजुराइतका पगार द्या, तास कमी करा. कंपनीने काय केलं? वर डोंगरात जाणारं अन्न बंद केलं. आठवडाभरात संप मोडला.

पुन्हा तीच कणगी. १८५१ मध्ये जाळली, १८६७ मध्ये अडवली.

त्या रेल्वेचा एक मालक कॉलिस हंटिंग्टन. त्याने बीअरस्टाटकडून दुसरं तळं काढून घेतलं. ‘डॉनर लेक फ्रॉम द समिट’, १८७३. तेही जवळजवळ त्याच मापाचं, सहा बाय दहा. हे तळं खरं आहे, नकाशावर आहे, आणि बोगदा त्याच्याच डोक्यावर. चित्रात सूर्य उगवतोय, खाली पाणी झळकतंय. नीट पाहिलं तर कडेला रेल्वेची बर्फछपरं बारीकशी दिसतात. रेल्वे आली. ज्यांनी ती आणली ते चिनी मजूर आले नाहीत. १८८२ मध्ये तर चिनी मजुरांना देशात येण्याचीच बंदी करणारा कायदा झाला. आधी चित्रातून काढलं, नंतर देशातून.

त्या तळ्याच्या नावाचीही गोष्ट ऐका. १८४६-४७ च्या हिवाळ्यात डॉनर नावाच्या कुटुंबाचा गोऱ्या वसाहतवाल्यांचा तांडा तिथं बर्फात अडकला. त्यांना अन्न पोचवायला खालच्या किल्ल्यावरून माणसं आली, त्यात लुईस आणि साल्वादोर हे दोन मिवोक वाटाडे होते. पुढं बाहेर पडायच्या धडपडीत उपासमार झाली तेव्हा त्या दोघांना गोळ्या घातल्या आणि खाल्लं. इतर मेले ते मेल्यावर खाल्ले गेले. खाण्यासाठी जे मारले गेले ते हे दोघे. अन्न घेऊन आलेल्याला अन्न केलं! तळ्याला नाव कुणाचं? डॉनरचं. लुईस तळं ऐकलंय कुणी? साल्वादोर तळं?

आता आपल्या पहिल्या चित्राकडं येतो. तेही १८७३ मध्येच एका धनिकाने घेतलं. विल्यम ब्राऊन डिन्समोर. आपल्या इस्टेटीवर लावायला. हा डिन्समोर कोण? ॲडम्स एक्सप्रेस कंपनीचा अध्यक्ष. ही कंपनी म्हणजे पार्सलं, पेट्या, खोकी इकडून तिकडं पोचवणारी. म्हणजे आमच्याच धंद्यातली, फक्त वरच्या टोकाची.

त्या कंपनीने पोचवलेल्या एका खोक्याची हकिकत मला चित्रापेक्षा मोठी वाटते. १८४९. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात हेन्री ब्राऊन नावाचा काळा गुलाम होता. त्याची बायको आणि पोरं मालकाने दूर विकून टाकली होती. त्याने काय केलं? स्वतःला एका लाकडी खोक्यात बंद करून घेतलं. लांबी तीन फूट, खोली अडीच फुटांवर थोडी, रुंदी दोन फूट. आणि ॲडम्स एक्सप्रेसने स्वतःलाच पार्सल करून फिलाडेल्फियाला पाठवलं, जिथं गुलामी नव्हती. २७ तास. गाडी, रेल्वे, आगबोट. खोक्यावर लिहिलं होतं ही बाजू वर, तरी हमालांनी ते उलटं ठेवलं आणि तो बराच वेळ डोक्यावर होता. ओरडला नाही. पोचला, झाकण उघडलं आणि उभा राहिला.

मी ही हकिकत वाचली तेव्हापासून खोकं उलटं ठेवताना हात थबकतो. हसू नका.

सांगायचं हे, की त्या तळ्याचा मालक ज्या कंपनीवर श्रीमंत झाला तिच्या मालवाहतुकीच्या पोटात एक माणूस डोकं खाली पाय वर करून स्वातंत्र्याकडं चालला होता. कंपनीला वाटलं माल आहे. चित्रात डोंगर आहे, पाणी आहे, शांतता आहे. ती शांतता विकत घ्यायचे पैसे कुणाकुणाच्या पाठीवरून आले हे चित्राची फ्रेम सांगत नाही.

“पण सौंदर्य?” मित्र पुन्हा विचारतो.

सौंदर्य काम करतं, दोस्ता. रिकामं बसत नाही. हे चित्र युरोपात ठिकठिकाणी दाखवलं गेलं. बघणाऱ्यांनी काय वाचलं? जागा मोकळी आहे, या. आपल्याकडं जमिनीचा मालक सातबाऱ्यावर कळतो. तिथं असली चित्रं कोरा सातबारा होती. कब्जेदाराचा रकाना मोकळा, वहिवाटीचा रकाना मोकळा, पिकाच्या जागी हरणं.

आणि चित्र नुसतं भिंतीवर राहिलं नाही, कायद्यात उतरलं. १८६४ मध्ये योसेमिटी राखीव झालं, १८९० मध्ये राष्ट्रीय उद्यान. १९६४ मध्ये अमेरिकेने रानांचा कायदा केला. त्यात रान म्हणजे काय? जिथं माणूस पाहुणा म्हणून येतो आणि मुक्काम करीत नाही ती जागा. हे बीअरस्टाटच्या चित्राचं वर्णन आहे, फक्त वकिली भाषेत. मग दरीत जी थोडी मूळ रहिवाशांची घरं टिकून होती त्यांचं काय? ती पाहुणी नव्हती, चित्रात बसत नव्हती. १९६९ मध्ये त्यांच्या वस्तीतली उरलेली घरं उद्यानाच्या कारभाऱ्यांनी पाडून टाकली. चित्राला शंभर वर्षं उलटून गेली तेव्हा जमीन चित्रासारखी झाली.

तुम्ही विचाराल, कुठलं सिएरा नेवाडा आणि कुठली मुंबईची गोदी, तुझा संबंध काय? मी तेनायाचं दुःख उसनं घेऊन मिरवत नाही. त्याचं त्याचं आहे. पण तळ्याच्या काठावर हरणांना मुभा आणि माणूस नाही, हे बघून ज्याला १९२७ चं महाड आठवत नाही त्याने आपल्या आज्याला विचारावं. चवदार तळ्यावर कुत्री-मांजरं पाणी पीत होती. माणसाने ओंजळ भरली तर डोकी फुटली. तळं सुंदर आहे की नाही हा आमच्यासाठी दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, पाणी कोण पितंय?

आणि दुसरा धागाही आहे. सिएरा उतरून पश्चिमेला आलेल्या त्याच रेल्वेचं शेवटचं टोक ओकलंड. बंदराचं गाव, आमच्यासारखंच गोदीचं. तिथं ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. ते नाव समुद्र ओलांडून आलं, आणि १९७२ मध्ये मुंबईतल्या पोरांनी आपल्या छातीवर लिहिलं. तेव्हा त्या डोंगरांच्या पायथ्याशी आमचा एक नातेवाईक राहतो असं समजा.

मग करायचं काय? चित्र जाळायचं? नाही. जाळणं हा त्यांचा धंदा. मला तो उजेड अजून आवडतो आणि मी ते लपवत नाही. दिवसभर खोकी उचलणाऱ्याला सुंदर गोष्ट आवडायची मनाई आहे असं कुणी समजू नये. आम्हाला फक्त भूकच कळते, असं म्हणणारे वेगळ्या तऱ्हेने आम्हाला चित्रातून पुसत असतात.

पण उजेड घेताना हिशोबही घेणार. चित्राच्या खाली चित्रकाराचं नाव, साल, माप आणि देणगीदार लिहितात. तिथंच लिहा की हे तळं रिकामं नव्हतं. लिहा पायवीआक. लिहा तेनाया आणि त्याचा धाकटा मुलगा. लिहा लुईस, साल्वादोर. लिहा की बोगद्यातल्या चिनी मजुरांची नावं कंपनीने नीट लिहूनसुद्धा ठेवली नाहीत. लिहा त्या बदल्याबद्दल, जो १८६३ मध्ये चित्रकाराच्या जागी लढाईला गेला. भिंत सहा बाय दहाची आहे, जागा पुरेल.

आणि आपल्याकडच्या निसर्गकवींनाही सांगून ठेवतो. तुमच्या कवितेतली नदी फार सुंदर वाहते. पण तिच्यात धुणं धुणारी दिसत नाही, वाळू उपसणारा दिसत नाही, धरणाखाली गेलेलं गाव दिसत नाही. तुमच्या कवितेतली पहाट मी रोज बघतो, पहिल्या पाळीला जाताना. ती तुम्ही लिहिता तशी निर्मनुष्य नसते. माझ्यासारखे शेकडो तिच्यातून चालत असतात. तुम्हाला आम्ही दिसत नसू तर डोळे तपासून घ्या. दिसत असून लिहीत नसाल तर तुम्ही रोममध्ये बसलेले आहात.

१८५१ च्या गव्हर्नरने नामशेष करू म्हटलं होतं. २०१९ मध्ये त्याच राज्याच्या गव्हर्नरने, गॅविन न्यूसमने, मूळ रहिवाशांपुढं उभं राहून माफी मागितली आणि जे झालं त्याला वंशसंहार हा शब्द वापरला. एकशे अडुसष्ट वर्षं लागली एका शब्दाला. माफीने कणगी भरत नाही, हे खरं. पण ज्यांची माफी मागावी लागली ती माणसं शिल्लक आहेत, हे त्याहून खरं. योसेमिटीच्या दरीत, जिथली घरं १९६९ मध्ये पाडली, त्याच जागी पुन्हा आपलं बांधकाम करण्याचा आणि आपले विधी करण्याचा करार त्यांनी २०१८ मध्ये मिळवला.

म्हणजे त्या दरीत पुन्हा चूल पेटणार. धुराची एक रेघ वर जाणार.

त्या एजंटाच्या ऑफिसात माझी फेरी पुन्हा होईलच. कॅलेंडर तिथंच असेल. माझ्या कानाला पेन्सिल असते, टॅलीसाठी. शिपायाची नजर चुकली की तळ्याच्या काठावर, हरणांच्या शेजारी, मी ती रेघ ओढणार आहे.